पिसाचा मनोरा, पाटणचा शिलालेख आणि पळीभर तेल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात ऑफिसच्या कँटीनपासून करतो. आमच्या टीममधला एक जण इटलीला फिरून आला. पिसाच्या कलत्या मनोऱ्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहिल्याचा फोटो असतो ना, सगळे काढतात तो, त्याने पण काढला होता. फोटो सगळ्यांना दाखवून झाल्यावर त्याने मला विचारलं, "तुमच्या खान्देशात काय आहे रे बघायला?"

मी म्हटलं, "केळी, भरीत आणि पंचेचाळीस डिग्री."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री रूमवर आल्यावर ते उत्तर टोचायला लागलं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मी लहानपणापासून दर नवरात्रात जातोय. आजीचा हात धरून गेलोय, नंतर मित्रांबरोबर बाईकवर ट्रिपल सीट गेलोय. नारळ फोडायचा, भरीत-भाकरी खायची, धबधब्याखाली भिजायचं आणि घरी. त्या जागेचा आणि पिसाच्या मनोऱ्याचा काही संबंध असेल, हे मला बीटेक होईपर्यंत कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. संबंध आहे, आणि तो आकड्यांचा आहे. आजचा भाग त्याच्यावर.

आधी पिसा

पिसाच्या मनोऱ्याचं बांधकाम ११७३ साली सुरू झालं. खालची जमीन मऊ, गाळाची. तिसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि ११७८ च्या सुमारास काम थांबलं. मनोरा तेव्हाच कलायला लागला होता. पुढे जवळजवळ शंभर वर्षं काम बंद. इंजिनियर लोक सांगतात की ही सुट्टीच मनोऱ्याला वाचवून गेली. मधल्या काळात खालची माती दबून घट्ट झाली, नाहीतर सगळे मजले एका दमात चढवले असते तर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता. १२७२ मध्ये काम परत सुरू झालं आणि चौदाव्या शतकात पूर्ण झालं.

आता त्या बंद पडलेल्या शंभर वर्षांत या. गावात तीन मजल्यांचा अर्धवट, वाकडा मनोरा उभा आहे. त्याच गावात लिओनार्डो नावाचा एक माणूस राहतो, ज्याला आपण आज फिबोनाची म्हणतो. हो, कोडिंगच्या इंटरव्ह्यूत जिची सिरीज विचारतात तोच. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम बघायचे. तिथे पोराला हिशोबाची नवी पद्धत शिकायला मिळाली. १२०२ साली त्याने 'लिबर अबाची' हा ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की हे नऊ आकडे भारतीयांचे आहेत, आणि त्यांच्या जोडीला शून्य घेतलं की कुठलीही संख्या लिहिता येते.

त्याआधी युरोपातले व्यापारी रोमन आकड्यांत हिशोब लिहायचे. तुम्ही एकदा एलएक्सएक्सएक्सव्हीआयआयआय गुणिले एक्सएलव्हीआयआय करून बघा. म्हणजे फक्त ८८ गुणिले ४७. कागदावर जमत नाही, मणी सरकवायची पाटीच घ्यावी लागते. आपल्या आकड्यांनी तेच काम चौथीतलं पोरगं करतं.

म्हणजे पिसात वाकडा मनोरा अर्धवट उभा होता तेव्हा तिथल्या दुकानदाराला भारतीय आकडे शिकवायचं काम चालू होतं. त्याच वेळी चाळीसगावजवळ काय चालू होतं?

आता पाटण

चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण. धुळ्याहून निघालात तर आधी चाळीसगाव गाठायचं, रेल्वेने या नाहीतर रस्त्याने. आज तिथे गौताळा अभयारण्याचं जंगल, देवीचं मंदिर आणि हेमाडपंती महादेव मंदिर दिसतं. पण आठशे वर्षांपूर्वी हे बाजारपेठेचं गाव होतं. देवगिरीच्या यादवांचं राज्य, आणि या भागात त्यांचे मांडलिक निकुंभ घराण्याचे राजे.

इथल्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख मिळाला. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईत भायखळ्याचं म्युझियम ज्यांच्या नावाने आहे, तेच डॉक्टर. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याची माहिती छापली. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्याच खंडात तो संपूर्ण वाचून प्रसिद्ध केला.

लेखात शके ११२८ असा आकडा आहे. श्रावणी पौर्णिमा आणि त्या दिवशी चंद्रग्रहण. इंग्रजी हिशोबाने १२०७. फिबोनाचीचं पुस्तक येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

या दगडावर एका घराण्याची वंशावळ कोरलीय. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा भास्कर. हे आपले भास्कराचार्य. 'लीलावती' लिहिणारे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारात नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, तो राजा सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी.

इथे एक मिनिट थांबा, कारण आपल्याकडे घोटाळा होतोच. हा चांगदेव वेगळा. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं मंदिर आहे, वाघावर बसून आले म्हणतात ते योगी चांगदेव महाराज वेगळे. हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू.

या नातवाने पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ इथे समजावून सांगितले जावेत, असं शिलालेखात स्पष्ट म्हटलंय. आजच्या भाषेत एका विषयाचं कॉलेज. तेही खान्देशात, १२०७ साली.

शिकवायचे काय?

तुम्ही म्हणाल, बेरीज-वजाबाकी असेल. तर एक उदाहरण घ्या, भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या बीजगणितातलं.

एक पूर्ण संख्या शोधा. तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा. येणारी संख्या पूर्ण वर्ग असली पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं. १ घेतलं तर ६२, वर्ग नाही. २ घेतलं तर २४५, नाही. ३ घेतलं तर ५५०, नाही. मी लॅपटॉपवर पायथनमध्ये साधा लूप लावला, एकेक संख्या तपासत जा म्हटलं. पंखा घरघरायला लागला. मी चहा गरम करून आणला, तेव्हा कुठे उत्तर आलं. पहिली चालणारी संख्या आहे २२,६१,५३,९८०. म्हणजे लूप बावीस कोटींहून जास्त वेळा फिरला. आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९.

भास्कराचार्यांकडे लॅपटॉप नव्हता, पद्धत होती. तिचं नाव चक्रवाल. कल्पना अशी: बरोबर उत्तर मिळत नाही ना, मग थोडं चुकलेलं उत्तर घ्या. ८ चा वर्ग ६४. त्यातून ६१ गेले, ३ उरले. म्हणजे आपल्याला १ हवा होता आणि ३ आला. या चुकीवर एक प्रक्रिया केली की पुढची जोडी मिळते, ३९ आणि ५. तपासा: ३९ चा वर्ग १५२१. ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५. फरक उणे ४. अजून १ आला नाही, पण उणे ४ आला की ब्रह्मगुप्ताची पाचशे वर्षं जुनी युक्ती वापरता येते. दोन जवळपासची उत्तरं एकमेकांत मिसळून तिसरं, अचूक उत्तर काढायचं. पाटीवर मावेल एवढ्या पायऱ्यांत ते दहा अंकी उत्तर हातात.

१६५७ साली फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञाने दुसऱ्या गणितज्ञांना आव्हान म्हणून याच जातीचं गणित घातलं, आणि उदाहरणात संख्या दिली, बरोब्बर ६१. त्याला भास्कराचार्य माहीत नव्हते. पाचशे सात वर्षांनी तोच आकडा पुन्हा निघाला, कारण लहान संख्यांमध्ये ६१ सगळ्यात जास्त छळते, आणि हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवाल्या गोष्टी

भास्कराचार्यांचं नाव घेतलं की फॅमिली ग्रुपवर तीन मेसेज येतात, त्यांचा निकाल लावून टाकू.

पहिला: लीलावती त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या मुहूर्ताचं घटिकापात्र मोती पडून बंद पडलं, लग्न मोडलं, म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. गोष्ट गोड आहे, पण ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खान्देशच्या राजा अली खानाकडे आला होता, हे मात्र खरं.

दुसरा: गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी लावला. गोलाध्यायात पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते हा विचार आहे, स्वच्छ शब्दांत आहे. पण किती ओढते, अंतर वाढलं की किती कमी होते, याचा नियम न्यूटनने दिला. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

तिसरा: ते पाटणलाच जन्मले. त्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडवीड असं लिहिलंय. ते गाव कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे, बीडपासून विजापूरपर्यंत नावं घेतली जातात. पाटणच्या बाजूने मोठा पुरावा हा शिलालेखच. मुलगा इथून दरबारात गेला आणि नातवाने मठ इथे काढला, एवढं तरी दगडावर आहे. मला तेवढं पुरतं.

पळीभर तेल

आता या भागाचं मुख्य कारण. हा शिलालेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत. ज्ञानेश्वरीच्या आधीची, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची मराठी. आपल्या भाषेच्या जुन्या कोरीव नमुन्यांपैकी हा एक.

आणि त्या मराठी ओळींत वंशावळ नाही, स्तुती नाही. त्यात पैशाचा हिशोब आहे. मठ चालणार कसा, ते लिहिलंय.

निकुंभ राजा सोइदेव याने मठाला दान दिलं, ते कसं वसूल करायचं याचे नियम. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला. ब्राह्मणांना विक्रेत्याकडून जो वाटा मिळायचा, तो त्यांनी मठाला दिला. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. बाजारात जे काही मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, आणि मोजणावळीतली अर्धी मठाला, अर्धी मोजणाऱ्याला.

संस्कृतातून एकदम मराठीत का आले असतील? मला वाटतं, कारण सरळ आहे. वंशावळ पंडितांनी वाचायची होती. नियम तेल्याने, व्यापाऱ्याने, मापाऱ्याने पाळायचे होते, मग ते त्यांना समजतील अशाच भाषेत लिहायला हवेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणतो.

इथे परत पिसाला जाऊ. १२४० च्या सुमारास पिसा शहराने फिबोनाचीला दरवर्षी वीस पौंड मानधन लावून दिलं. कारण तो शहराच्या हिशोबाच्या कामात मदत करायचा आणि लोकांना शिकवायचा. म्हणजे चाळीस वर्षांच्या आत दोन बाजारपेठांनी, एकमेकींचं नावही न ऐकता, सारखंच ठरवलं: गणिताचा खर्च आपण उचलायचा.

आज पिसात त्या मनोऱ्यापासून पाच मिनिटांवर, त्याच चौकातल्या जुन्या स्मशानवास्तूत फिबोनाचीचा पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकातला. मी आमच्या इटलीवाल्याला विचारलं, बघितलास का? तो म्हणाला, "कोण?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाटणला जाऊन शिलालेख न विचारणारा मी एकटाच नाही.

आणि तो मनोरा तरी आपोआप उभा आहे का? १९९० च्या जानेवारीत तो लोकांसाठी बंद केला. पडायच्या बेतात होता. उत्तरेच्या बाजूला शिशाची वजनं ठेवली, मग त्याच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली, तेव्हा मनोऱ्याचं टोक सुमारे ४० सेंटीमीटर मागे आलं. २००१ च्या डिसेंबरात तो परत उघडला. जवळजवळ बारा वर्षं. जगप्रसिद्ध असला म्हणून काय झालं, त्यालाही कोणीतरी रोज सांभाळावं लागतं.

आमची अभ्यासिका

शेवटची गोष्ट माझ्या गावची, धुळे-चाळीसगाव रस्त्याजवळच्या. बारावीत असताना आमच्याकडे लोडशेडिंग जोरात. घरी चिमणीच्या उजेडात डोळे चोळत बसण्यापेक्षा मी गावातल्या अभ्यासिकेत जायचो. एक खोली, आठ टेबलं, एक इन्व्हर्टर. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात त्या इन्व्हर्टरचा मोठा वाटा आहे. ती खोली कशी चालते हे मला कधी पडलं नव्हतं. नंतर कळलं, किराणावाले काका, आडत दुकान, एक तेल गिरणी आणि दोन मास्तर दर महिन्याला थोडे थोडे पैसे घालायचे.

दोन वर्षांपूर्वी घरी गेलो तर कुलूप. काका वारले, मास्तर मुलाकडे नाशिकला गेले, बिल थकलं, मीटर काढून नेलं. चूक कोणा एकाची नव्हती. मी आईला म्हटलं, "असं कसं बंद पडू दिलं?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू किती दिले होते रे भाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथे दोन वर्षं फुकट बसलो होतो आणि नोकरी लागल्यावर सात वर्षं गावाला फक्त पेढे घेऊन गेलो होतो.

पाटणच्या शिलालेखाचा तो मराठी भाग मी त्याच सुट्टीत पहिल्यांदा वाचला. घाण्यामागे पळीभर तेल. कोणी एका सावकाराने सोन्याची थैली ओतलेली नाही. राजाने आपला कर सोडला आणि बाकी सगळ्यांनी थोडं थोडं, पण नेमाने. म्हटलं, हे तर ऑटोपे आहे! बॅचमधल्या चौघांना फोन केले, दर महिन्याला आपोआप कटतील अशी रक्कम लावली. मीटर परत बसलं. टेबलं सहाच उरली होती, दोन नवीन घेतली. गेल्या नवरात्रात गेलो तेव्हा रात्री साडेनऊला एक मुलगी तिथे एकटी बसून त्रिकोणमिती सोडवत होती. मी दारातूनच परत आलो.

जाणार असाल तर

पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता जा, डोंगर हिरवागार असतो. अभयारण्य आहे, प्लास्टिक परत आणा. कुठलाही कोरीव दगड दिसला की अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, हळद, तेल, काही घासू नका. अक्षरं वाचायची असतील तर मोबाईलचा टॉर्च एका बाजूने, तिरका धरा, सावलीत अक्षरं आपोआप दिसतात. मंदिरात आजी असेल तर आधी पाया पडा, मग दगड बघा, नाहीतर माझ्यासारखं बोलणं खाल.

धुळ्याच्या मंडळींना जुने कागद आणि शिलालेखांची गोडी लागली तर लांब जायची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांनी गोळा केलेलं सगळं जपायला १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. तेही लोकांनीच उभं केलेलं.

आणि आता कँटीनमध्ये कोणी विचारलं, तुमच्या खान्देशात काय आहे, तर माझं उत्तर तयार आहे. केळी, भरीत, पंचेचाळीस डिग्री, आणि आठशे वर्षांपूर्वी तेल्यांनी चालवलेलं गणिताचं कॉलेज.

तुमच्या गावात अशी एखादी जागा असेल, चालू किंवा कुलूप लागलेली, तर व्हॉइस नोट पाठवा. अहिराणीत पाठवली तर अजून मजा. भेटू पुढच्या भागात. येतो मंडळी!